शेवटची मुलगी पुढे जाईपर्यंत

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व
४ नोव्हेंबर २०२५

नयन,

आधी 'प्रिय नयन' लिहिलं होतं. मग दुसरा कागद घेतला. सत्तेचाळीस वर्षांनी एकदम प्रिय म्हणायचा मला काय हक्क? म्हणून नुसतं नाव.

मी शेवंती. आपल्या गाईड पथकातली, जास्वंद संघाची. कोलशेतला कंपनीच्या चाळीत राहायचे, आणि माझी गाठ ओढली की सुटायची. आठवत असेन तर पुढे वाच.

तुझा कल्याणचा पत्ता रसिकाने दिला. आपल्या शाळेत हल्ली गाईडचं पथक ती चालवते. चाळिशीची आहे, उत्साही आहे. तिने तुझा फोन नंबरही दिला होता. पण फोन तू ठेवून देशील. पत्र फाडायचं झालं तरी आधी उघडावं लागतं.

कारण असं की, या वर्षी पथकाला पन्नास वर्षं झाली. रसिका स्मरणिका काढते आहे. मला म्हणाली, "काकू, तुम्ही मोठ्या मेळाव्याला गेलेल्या, तुमची आठवण पाहिजेच." तीस तारखेपर्यंत द्यायची आहे. मी चार वेळा लिहायला बसले. दर वेळी सुरुवात शनिवारच्या कवायतीने होते आणि शेवट तुझ्यापाशी होतो.

माझं थोडं सांगते. दहावीत बाबांची कंपनी बंद पडली आणि माझी शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आले. माझे यजमान साईनाथ कामावरून येताना वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचे. त्यांना वाचनाची गोडी नव्हती, हाताला येईल ते उचलायचे. एकदा पाण्याच्या पंपांची दुरुस्ती असं पुस्तक आणलं. मी तेही वाचलं. असं करत वाचायला शिकले म्हण. साईनाथ गेले त्याला तीन वर्षं झाली. मुलगा सुशांत, सून आणि मी असे आम्ही तिघं असतो. आता पुस्तक मीच बदलते, पण निवडून आणलेल्या पुस्तकात तेवढी मजा येत नाही.

पथकाबद्दल लिहायचं तर मला एकच गोष्ट लिहावीशी वाटते. घरात मी चौथी मुलगी. आईला मला हाक मारायची असली की आधी तिन्ही बहिणींची नावं व्हायची, मग माझं. पथकाच्या विमलाबाई मात्र पहिल्या फटक्यात 'शेवंती' म्हणायच्या. निळा गणवेश घालून रांगेत उभं राहिलं की मी कोणाच्या नंतरची नसायचे. रांगेत तू माझ्या डावीकडे असायचीस. तुझा गणवेश तुझ्या आईने हाताने शिवलेला होता, आणि तो माझ्या विकतच्या गणवेशापेक्षा नीट बसायचा. रविवारी मी तुझ्याकडे गाठी शिकायला यायचे. तू पलंगाच्या पायाला दोरी बांधून म्हणायचीस, "अगं, दोरीवर रागावू नकोस. तिला काय कळतंय?"

आता जे लिहायचं ते लिहिते. डिसेंबर अठ्ठ्याहत्तरची आपली हाइक. खाडीच्या बांधापर्यंत खुणांचा माग लावलेला होता. फाट्यावर दगडांचा बाण होता, आणि शेवटची मुलगी पुढे गेली की तो मोडायचं काम माझ्याकडे होतं. बाई म्हणायच्या, माग मोडला नाही तर मागून येणारा परका माणूस चुकतो. माझी मोजण्यात चूक झाली आणि बाण मी जरा लवकर उचलला. त्यामुळे तू चुकलीस. हे मी तेव्हा बोलले नाही. आता स्मरणिकेत नावानिशी लिहावं म्हणते. पण तुझ्या परवानगीशिवाय लिहिणार नाही.

हो किंवा नाही, एवढं कळव.

शेवंती


मानपाडा रोड
१३ नोव्हेंबर २०२५

नयन,

तुझं उत्तर नाही. रोज दुपारी जिना उतरून पत्रपेटी बघते. वॉचमन विचारतो, "मावशी, कोर्टाचं काही आहे का?"

उत्तर आलं नाही ते बरंच झालं. आधीचं पत्र खरं नव्हतं. टाकून आले आणि रात्रभर खटकत राहिलं, की एवढ्या वर्षांनी लिहायला बसले आणि त्यातही मी स्वतःला सांभाळून घेतलं.

मोजण्यात चूक झाली नव्हती.

माझ्याकडे कागद होता. मुली जोडीजोडीने येत होत्या आणि मी नावापुढे रेघ मारत होते. बारा रेघा झाल्या. तेरावं नाव तुझं. तुझी जोडीदार तापाने घरी राहिली होती, म्हणून तू एकटी निघालीस, सगळ्यांच्या शेवटी. मी फाट्याजवळ तिवराच्या झुडपाआड बसले होते. तू लांबून दिसलीस. जमिनीकडे बघत सावकाश येत होतीस, प्रत्येक खुणेपाशी थांबून वहीत टिपत होतीस. घाई नाही, काही नाही. आमच्यातली एकही तशी चालली नव्हती. आम्ही खिदळत, पुढच्या जोडीच्या पाठीकडे बघत फाट्यापर्यंत आलो होतो.

पथकातून मेळाव्याला एकच मुलगी जाणार होती. त्या दिवशी ती तूच हे माझ्या लक्षात आलं. तू येत होतीस आणि मी उठले, सात दगड ओच्यात घेतले आणि परत झुडपाआड बसले.

तू फाट्यावर आलीस. थांबलीस. खाली वाकलीस. गुडघे टेकून हाताने गवत बाजूला करून पाहिलंस. मी दहा हातांवर होते. दगड मांडीवर होते आणि ते गरम होते, उन्हात तापलेले. एक हाक मारायची होती. तू उभी राहिलीस, दोन्हीकडे पाहिलंस आणि उजवीकडे वळलीस. उजवीकडे चिखल होता.

साडेसहाला कोळीवाड्यातली एक बाई तुला हाताला धरून घेऊन आली. कमरेपर्यंत चिखल, एक बूट नाही. वही मात्र तू डोक्यावर धरून कोरडी ठेवली होतीस. विमलाबाईंनी तुला जवळ घेतलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं ते मला. "शेवंती, फाट्यावर खूण होती?"

"होती, बाई."

तू माझ्याकडे पाहिलंस. न्यायला आलेली कोणाची तरी आई मागे उभी होती. ती म्हणाली, "त्यांच्यात लक्ष कमीच असतं हो." बाईंनी तिला गप्प केलं. मी ते ऐकलं, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की, सुटले.

बाईंनी नोंदवहीत लिहिलं, नयन, खुणेकडे दुर्लक्ष, अनुत्तीर्ण. मेळाव्याला मी गेले. तिथे मला नकाशा वाचता आला नाही.

हे स्मरणिकेत छापावं असं अजून वाटतं. तू सांगशील तसं.

शेवंती


कल्याण पश्चिम
१९ नोव्हेंबर

शेवंती,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून कपाटात टाकलं होतं. दुसरं आलं तेव्हा ते परत काढून शेजारी ठेवून वाचलं. मी पस्तीस वर्षं नर्स होते. पेशंट पहिल्यांदा सांगतो ते खरं नसतं, हे मला ठाऊक आहे. माझा मुलगा राजरत्न म्हणतो, "आई, ही काय सिरियल चालू आहे तुझी?"

मला काय माहीत होतं ते आधी सांगते. खूण नव्हती, हे मला माहीत होतं. माझे डोळे चांगले होते. पण मला वाटलं, म्हशीने पाय मारला असेल, कोणी पोराने दगड नेले असतील. तू उचलले असशील हे एकदाही मनात आलं नाही. 'होती, बाई' म्हणालीस तेव्हासुद्धा वाटलं, हिने ठेवली तेव्हा होती म्हणून म्हणतेय बिचारी. बघ, किती वेडी.

दुसरं. मी गाईड सोडलं ते नापास झाले म्हणून नाही. पुढच्या रविवारी आईने बोंबलाची चटणी करून ठेवली होती, तुला आवडायची म्हणून. तू आली नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारीही केली. सहा रविवार झाल्यावर आई म्हणाली, नको वाट बघूस बाळा, तिच्या घरात बोलले असतील. ते मी धरून बसले. शाळेत तू दिसायचीस तेव्हा मीच तोंड फिरवायचे. पुढे मुलांना सांगितलं, सुनेला सांगितलं, माझी एक मैत्रीण होती, तिला आमच्या घरची चटणी चालायची, पण आम्ही चाललो नाही. सत्तेचाळीस वर्षं मी हे सांगत आले. आता तू लिहितेस की दगड होते, मत्सर होता, मेळावा होता. मग मी इतकी वर्षं राग कशाचा केला?

म्हणून एक विचारते. तुझ्या घरात बोलले होते की नाही? खरं लिही. पहिल्या पत्रासारखं नको, दुसऱ्यासारखं लिही.

आणि स्मरणिकेत काही छापायचं नाही. लोक वाचतील आणि म्हणतील, किती प्रामाणिक बाई. चिखलात मी जायचं आणि कौतुक तुझं व्हायचं, हे एकदा झालंय. सांगायचंच असेल तर विमलाबाईंना सांग. त्या ठाण्यातच असतात, नौपाड्याला. मी सांगणार नाही, तू सांग.

माफीचं मला विचारू नकोस. आधी नीट राग तर येऊ दे.

नयन


मानपाडा रोड
२५ नोव्हेंबर २०२५

नयन,

बोलले होते.

आई पहिल्यापासून म्हणायची, तिच्याकडे जा हवं तर, पण पाणी पिऊ नकोस. मी प्यायचे. चटणी खायचे आणि घराच्या कोपऱ्यावर ओढणीने तोंड पुसून आत जायचे. म्हणजे आईचं मी ऐकत नव्हते, पण ऐकते असं तिला वाटू देत होते. हाइकनंतर मात्र ऐकलं. तुझ्या दारात उभं राहायची छाती नव्हती, आणि आईचं ऐकलं की न जायला कारण मिळत होतं. आई खूश झाली. म्हणाली, "आली गं अक्कल माझ्या बाईला." मी ते खरं करून घेतलं.

तेव्हा तू धरलेला राग चुकीचा नव्हता. तुझ्या आईने बरोबर ओळखलं होतं.

अजून एक आहे, ते दुसऱ्या पत्रातही लिहिलं नव्हतं. तुझ्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही हे मला चौदाव्या वर्षी ठाऊक होतं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. तुझ्या जागी चाळीतली दुसरी कोणी असती तर दगड उचलताना माझा हात थांबला असता. मत्सर तिचाही केला असता. पण धजावले नसते.

एवढंच खरं आहे. याच्या खाली आता काही नाही, मी शोधून पाहिलं.

आता बाईंचं. काल गेले होते. त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. पाठ अजून ताठ, पण ऐकू अजिबात येत नाही. यंत्र आहे, ते त्या लावत नाहीत, शिट्टी वाजते म्हणतात. मी जवळ बसून हळू आवाजात सुरुवात केली. मनात शब्द जुळवून नेले होते.

"काय?" बाई म्हणाल्या.

मी जरा मोठ्याने म्हटलं.

"दगड? कसले दगड?"

शेवटी नयन, मला ओरडून सांगावं लागलं. "बाई, खूण मी उचलली! मुद्दाम! नयन दिसत असताना!" आतून त्यांची सून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. समोरच्या दारातल्या आजी दाराशी आल्या. खाली भाजीवाला 'ताजी मेथी' म्हणत होता, तोही थांबला असं मला वाटलं. मी घामाने भिजले होते. तुला कौतुक नको होतं ना? एका माणसानेही केलं नाही.

बाई वर्गात म्हणायच्या तशा म्हणाल्या, "माग कधी मोडायचा?"

मी उभी राहिले. एकसष्ट वर्षांची बाई, उभीच राहिले. "शेवटची मुलगी पुढे गेल्यावर, बाई."

"शिकवलं होतं ना मी?"

"हो, बाई."

"मग?"

सूनबाई म्हणाली, "जाऊ द्या हो आई, किती जुनी गोष्ट." बाईंनी तिला हातानेच गप्प केलं. नंतर त्या खिडकीकडे बघत बोलायला लागल्या. स्वतःशीच बोलत होत्या, पण ऐकू येत नसल्यामुळे मोठ्याने. "मी हिला विचारलं. तिला नाही विचारलं. चिखलात माखून आलेली पोर समोर उभी, वही कोरडी ठेवलेली, आणि मी विचारलं हिला. आणि वर एकटी पाठवलेली मीच." असं दोनदा म्हणाल्या.

मी नोंदवहीबद्दल विचारलं. तुझ्या नावापुढचं खोडून घ्यावं असं मनात होतं. ती वही वाळवीने कधीच खाल्ली म्हणे. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "नयनला सांग, ती पास आहे. मी सांगितलं म्हणून सांग. आणि तिला म्हणावं, मला येऊन भेट. मी येत नाही, जिना उतरवत नाही." मला 'पुन्हा ये' म्हणाल्या नाहीत. तेही लिहिते, गाळत नाही.

स्मरणिकेसाठी रसिकाला काही दिलं नाही. म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, "वयाने होतं, काकू."

शेवंती


मानपाडा रोड
२ डिसेंबर २०२५

नयन,

काल फोनवर मी धड काही बोलले नाही, म्हणून हे लिहिते.

माझा नंबर तुला रसिकाने दिला असणार. फोन वाजला तेव्हा मी कुकरची रिंग धूत होते. नाव दिसलं आणि हात तसाच साबणाचा. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तू सुरू झालीस. "तोंड पुसायचीस? माझ्या आईच्या हातचं खाऊन ओढणीने तोंड पुसायचीस?" मला वाटलं होतं तू दगडांवरून बोलशील. दगडांचं तर नावही काढलं नाहीस. सगळं त्या ओढणीवर. तुझी आई पाट्यावर ती चटणी वाटायची, तेव्हा तिच्या बोटांना चिरा असायच्या आणि तिखट झोंबायचं, हे तू काल सांगितलंस. मला माहीत नव्हतं. मी ताटली पुढे करायचे एवढंच.

मी गप्प होते तर तू म्हणालीस, "आहेस का लाइनवर?"

"आहे."

"मग हूं तरी म्हण! भिंतीशी बोलतेय का मी?"

मी हूं म्हटलं. तू पुन्हा सुरू झालीस. मध्ये राजरत्नचा आवाज आला, "आई, बीपी!" आणि तू त्यालाही झापलंस, "तू गप रे, माझं बीपी मी बघते." मग बाईंचा निरोप सांगितला तर म्हणालीस, "आता पास होऊन काय करू? पेन्शन वाढते का?" तुझ्याकडे कोणीतरी पंखा बंद केला तेवढा ऐकू आला. मग नाक ओढून म्हणालीस, "आई असायला पाहिजे होती हे ऐकायला." आणि फोन ठेवलास.

बावीस मिनिटं झाली. मी मोजली नाहीत, फोनवरच दिसतात.

एक सांगायचं होतं, तेव्हा सुचलं नाही. साईनाथ गेल्यापासून माझ्याशी सगळे हळू बोलतात. सुशांत हळू बोलतो, सून हळू बोलते, वाचनालयातल्या बाई पुस्तक उशिरा आणलं तरी 'असू दे' म्हणतात. साईनाथ चिडायचे. भाजीत मीठ जास्त झालं की चिडायचे, छत्री विसरले की चिडायचे, आणि दहा मिनिटांनी चहा टाकायचे. तीन वर्षांत माझ्यावर कोणी आवाज चढवला नाही. विधवा बाईवर कोण ओरडणार? घरातल्या काचेच्या भांड्यासारखं मला या बाजूचं त्या बाजूला ठेवतात. काल तू ओरडलीस तेव्हा सून दारात येऊन विचारायला लागली, "आई, कोण आहे? काय झालं? मी बोलू का?" मी तिला हाताने नको म्हटलं. ओट्याला टेकून उभी राहून सगळं ऐकलं. साबण हातावर वाळून गेला.

तू म्हणाली होतीस, आधी नीट राग येऊ दे. चांगला आला आहे. तो कमी व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही.

फोन ठेवायच्या आधी 'अजून संपलेलं नाही' असंही एकदा म्हणालीस. बरं. दुपारी दोन ते चार घरात कोणी नसतं. रोज.

तुझी
शेवंती